केऑटिक : सगळाच गोंधळ सारखा नसतो

सोलापूर, सातारा, कोल्हापूर या भागातली मुलेमुली शिक्षण संपवून नोकरीसाठी बंगळुरूला जातात, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. नवी नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात घरी जे फोन येतात, त्यांत एक शब्द हमखास असतो. ‘‘आई, इथलं ट्रॅफिक म्हणजे अगदी केऑटिक आहे बघ!’’ पुढच्या रविवारी ऑफिसचे काम केऑटिक झालेले असते. त्याच्या पुढच्या रविवारी चौघांचे कपडे, भांडी आणि चार्जरच्या वायरी मिळून राहती खोली केऑटिक झालेली असते. आई विचारते, ‘‘म्हणजे नक्की काय रे?’’ पलीकडून उत्तर येते, ‘‘म्हणजे गोंधळ गं!’’

हे उत्तर चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही. रस्त्यावरची कोंडी, ऑफिसातली धांदल आणि खोलीतला पसारा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत त्यांना तीन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतही आहेत. तरीही तिन्हींना सरसकट एकच विशेषण लावले जाते, आणि मग तिन्ही गोष्टी सारख्याच हाताबाहेर गेल्यासारख्या वाटू लागतात. वास्तविक पसारा आवरता येतो. कोंडीची वेळ टाळता येते. जे खरोखर केऑटिक असते, त्याच्याशी मात्र निराळ्या रीतीने वागावे लागते. म्हणूनच हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे.

आधी उच्चार

इंग्रजीत हा शब्द सी-एच-ए-ओ-टी-आय-सी असा लिहितात. सुरुवातीला सी-एच दिसल्यामुळे अनेक जण ‘चाओटिक’ असे वाचतात. ते बरोबर नाही. मूळ शब्द ग्रीक भाषेतला आहे, आणि ग्रीकमधून आलेल्या शब्दांत सी-एचचा उच्चार बहुधा ‘क’ असा होतो. स्कूल, केमिस्ट्री, कॅरेक्टर, ऑर्केस्ट्रा, स्टमक हे शब्द आपण बरोबर उच्चारतो. त्याच रांगेतला हा आणखी एक शब्द. उच्चार ‘के-ऑ-टिक’ असा करावा आणि जोर मधल्या ‘ऑ’वर द्यावा.

‘केऑटिक’ हे विशेषण आहे. नाम आहे ‘केऑस’, आणि त्यात जोर पहिल्या ‘के’वर येतो. हे नाम पाणी, दूध, गर्दी यांच्यासारखे आहे. ते मोजता येत नाही. त्यामुळे ‘देअर वॉज अ केऑस’ असे न म्हणता ‘देअर वॉज केऑस’ असे म्हणावे. ‘टोटल केऑस’ म्हणता येते, ‘इन केऑस’ म्हणता येते. ‘मेनी केऑसेस’ मात्र रोजच्या बोलण्यात कोणी म्हणत नाही.

पोकळीपासून गॅसपर्यंत

या शब्दाची जन्मकथा मोठी मजेची आहे. प्राचीन ग्रीक भाषेत ‘खाओस’ म्हणजे गोंधळ नव्हे, तर आ वासलेली पोकळी. हेसिअड नावाच्या प्राचीन ग्रीक कवीने जगाच्या उत्पत्तीची कथा सांगितली, तीत सर्वांच्या आधी ही पोकळी होती आणि मग पृथ्वी आली. पुढे ओविड या रोमन कवीने तिचे चित्र पालटले. त्याच्या वर्णनात ती रिकामी राहिली नाही. पाणी, माती, ऊन, गारवा सारे काही एकमेकांत मिसळलेला, आकार नसलेला एक ढीग झाली. आज आपण केऑस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो हा ढीग. त्यावरून ‘केऑटिक’ हे विशेषण इंग्रजीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाले.

याच शब्दाचे एक भावंड आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. सतराव्या शतकात फॅन हेल्माँट नावाचा एक वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ ब्रसेल्सच्या परिसरात राहत होता. कोळसा जाळला की राख मूठभर उरते आणि बाकीचे सारे डोळ्यांना न दिसता निघून जाते, हे त्याच्या लक्षात आले. त्या निसटणाऱ्या, आकार नसलेल्या पदार्थाला नाव हवे होते. त्याने ‘खाओस’वरून ‘गॅस’ हा शब्द बनवला. त्याच्या भाषेत ‘ग’चा उच्चार घशातून येणाऱ्या ‘ख’च्या जवळचा असल्याने दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागत. तेव्हा ‘गॅस संपला’ असे ज्या दिवशी घरात ओरडून सांगितले जाते आणि त्यानंतर जी धावपळ उडते, त्या दोन्हींचे मूळ एकच आहे म्हणायचे!

शेजारचे शब्द

एखादा शब्द नीट कळायचा असेल, तर त्याच्या शेजारचे शब्दही पाहावे लागतात. अव्यवस्था सांगणारी इंग्रजी विशेषणे पुष्कळ आहेत. त्यांतली रोज लागणारी अशी :

अनटायडी : सर्वांत सौम्य शब्द. विस्कटलेले केस, न आवरलेले टेबल, गिचमिड अक्षर यांना हा लावतात. हात फिरवला की काम झाले.

मेसी : यात पसाऱ्याबरोबर थोडी घाण, थोडे सांडलवंडही आले. लहान मूल वरणभात स्वतःच्या हाताने खाऊ लागले की जे होते ते ‘मेसी’. गुंतागुंतीच्या, मन कडवट करणाऱ्या भांडणालाही, उदाहरणार्थ घटस्फोट किंवा वाटणीच्या दाव्याला, हा शब्द लावतात.

हॅपहॅझर्ड : आधी काही योजना न करता, जसे सुचेल तसे केलेले. ‘हॅप’ म्हणजे योगायोग आणि ‘हॅझर्ड’ हे मुळात फाशांच्या एका खेळाचे नाव. फासा पडेल तसे, असा त्याचा भाव. शहर वाट फुटेल तिकडे वाढते, तेव्हा त्या वाढीला हे विशेषण शोभते.

डिसऑर्डरली : हा शब्द बहुधा वर्तनासाठी येतो. सभेत आरडाओरडा करणारा जमाव ‘डिसऑर्डरली’ असतो.

अनरूली : नियम न जुमानणारा. मुले, जमाव आणि न बसणारे केस यांना तो लावतात. आपल्याकडे या शब्दाला कायद्याचे वजनही आले आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये ‘अनरूली’ प्रवाशांसाठी नियम केले. त्यात वर्तनाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. शिवीगाळ व तत्सम वर्तनासाठी ३ महिन्यांपर्यंत, अंगावर धावून जाणे किंवा धक्काबुक्कीसाठी ६ महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतेल अशा वर्तनासाठी २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ विमानप्रवासावर बंदी येऊ शकते. एका विशेषणाची ही केवढी किंमत!

टर्ब्युलंट : खळबळलेला. मुख्यतः हवा आणि पाणी यांच्या प्रवाहासाठी, आणि त्यावरून एखाद्या अस्थिर काळासाठी. विमानाला हिसके बसतात, तेव्हा हवा ‘टर्ब्युलंट’ असते. शांत प्रवाह खळबळता कसा होतो, याचा अभ्यास बंगळुरूचेच शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह (१९३३-२०२०) यांनी तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक वर्षे केला.

आता केऑटिक. एकाच वेळी अनेक गोष्टी चाललेल्या आहेत, प्रत्येकीचा दुसरीवर परिणाम होतो आहे आणि पुढच्या क्षणी काय होईल ते सांगता येत नाही, अशी स्थिती म्हणजे केऑटिक. नुसता पसारा हा केऑटिक नव्हे, कारण पसारा जिथल्या तिथे पडून असतो. केऑटिकमध्ये हालचाल हवी आणि अनिश्चितता हवी.

या कसोटीवर बंगळुरूची वाहतूक तपासून पाहावी. टॉमटॉम या कंपनीच्या २०२२ च्या जागतिक यादीत शहराच्या मध्यभागातील मंद वाहतुकीत लंडन पहिले आणि बंगळुरू दुसरे होते. १० किलोमीटर जायला तिथे सरासरी २९ मिनिटे लागत होती. सेंट्रल सिल्क बोर्डच्या चौकातली संध्याकाळची कोंडी तर सगळ्या देशाला विनोदांतून माहीत झाली आहे. पण जी कोंडी रोज त्याच वेळी, त्याच चौकात होते आणि जिचा अंदाज घेऊन लोक घरातून निघतात, तिला केऑटिक म्हणणे नेमके नाही. तिला ‘कंजेस्टेड’ म्हणावे, म्हणजे तुंबलेली. हाच चौक अवकाळी पावसात सिग्नल बंद पडून चारी बाजूंनी गाड्या घुसल्यावर जसा होतो, तो केऑटिक. पहिल्या स्थितीवर उपाय म्हणजे वेळ बदलणे, मेट्रो, जास्तीच्या बस. दुसऱ्या स्थितीवर उपाय म्हणजे चौकात उभा राहणारा एक खमका पोलीस. शब्द चुकला की उपायही चुकतो.

मराठीत काय म्हणावे?

‘केऑटिक’साठी मराठीत एकच ठरीव शब्द शोधण्याचा हट्ट धरू नये. प्रसंग पाहून शब्द निवडावा. सभा असेल तर ‘गदारोळ’. वेळापत्रक कोलमडले असेल तर ‘विस्कळीत’. लग्नघरातली सकाळ असेल तर ‘धांदल’. राज्यकारभार असेल तर ‘बेबंदशाही’ किंवा ‘अनागोंदी’. चांगले चाललेले काम कोणी बिघडवले असेल तर ‘खेळखंडोबा’. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, हा वाक्प्रचार तर इंग्रजीला हेवा वाटावा असा आहे.

यातला ‘अनागोंदी’ हा शब्द कर्नाटकातूनच आला, असे मानले जाते. तुंगभद्रेच्या काठी, हंपीच्या समोरच्या तीरावर आनेगुंदी नावाचे गाव आहे. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘गुंदी’ म्हणजे खड्डा. विजयनगरच्या वैभवाशी जोडलेल्या या गावाचे नाव मराठीत मात्र ढिसाळ कारभाराला चिकटले. वैभव गेल्यावर गावाच्या नावाचे काय होते, याचे हे उदाहरण.

पण सगळ्यांत विचार करायला लावणारा शब्द आहे तो ‘गोंधळ’. महाराष्ट्रात लग्नानंतर कुलदेवतेचा गोंधळ घालण्याची चाल अनेक घराण्यांत आहे. हा विधी ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की त्यात गोंधळ असा काही नसतो. पाटावर नवे वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मधोमध कलश. दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे सुरू होते. मग गावोगावच्या देवदेवतांना नावे घेऊन बोलावणे, नंतर आख्यान आणि शेवटी आरती. प्रत्येक गोष्टीला क्रम आहे, आणि तो क्रम गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. रात्री लांबून नुसता संबळाचा आवाज ऐकणाऱ्याला मात्र तो कल्लोळच वाटेल. एकच शब्द विधीलाही आहे आणि अव्यवस्थेलाही. आतल्या माणसाला जी शिस्त दिसते, ती बाहेरच्याला दिसत नाही, हेच या शब्दाने जपून ठेवले आहे.

पेठेतली शिस्त

हीच गोष्ट बंगळुरूच्या जुन्या पेठेत प्रत्यक्ष पाहायला मिळते. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये हे शहर वसवले, ते व्यापाऱ्यांच्या पेठांसह. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे मराठी वाचकांना माहीत असते. आजही या जुन्या भागात पाऊल टाकले की हातगाड्या, हमाल, रिक्षा, ग्राहक यांच्या रेट्यात नवखा माणूस भांबावतो. प्रवासवर्णने लिहिणारे परदेशी लेखक अशा बाजारांना हमखास ‘केऑटिक’ म्हणून मोकळे होतात.

पण गल्ल्यांची नावे ऐकावीत. अक्कीपेट : कन्नडमध्ये ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. अरळेपेट : ‘अरळे’ म्हणजे कापूस. बळेपेट : ‘बळे’ म्हणजे बांगडी. कुंबारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. कुठे काय मिळणार हे गल्लीच्या नावातच सांगून ठेवले होते. काळाच्या ओघात दुकाने बदलली, माल बदलला, पण एकाच प्रकारच्या मालाची दुकाने शेजारी शेजारी असण्याची रीत तिथे आजही दिसते. हमालाला कोणत्या बोळातून गाडी घालायची ते ठाऊक असते. गिऱ्हाइकाला भाव कुठे पडताळून पाहायचा ते कळते. गर्दी आहे, गलका आहे, अरुंद रस्ते आहेत. केऑटिक मात्र तो बाजार नवख्यालाच वाटतो.

म्हणून हे विशेषण दुसऱ्याच्या घराला, गावाला किंवा स्वयंपाकघराला लावण्याआधी क्षणभर थांबावे. सासूच्या फडताळात हळदीचा डबा कुठे आहे ते नव्या सुनेला सापडत नाही, म्हणून फडताळ केऑटिक ठरत नाही. मुलाच्या टेबलावरचा कागदांचा ढीग वडिलांना गोंधळ वाटतो, पण हवा तो कागद मुलगा अचूक काढून देत असेल, तर त्या ढिगालाही काही क्रम आहे, हे मान्य करायला हवे.

शास्त्रज्ञांचा केऑटिक

रोजच्या भाषेत केऑटिक म्हणजे ज्याला नियम नाही असे. शास्त्रज्ञांनी गेल्या साठेक वर्षांत याच शब्दाला वेगळा अर्थ दिला, आणि तो रोजच्या अर्थाच्या जवळजवळ उलट आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. १९६१ मध्ये ते संगणकावर हवामानाचे एक सोपे गणित चालवून पाहत होते. एकदा तेच गणित मधूनच पुन्हा सुरू करायचे म्हणून त्यांनी कागदावर छापलेले आकडे यंत्रात भरले आणि ते कॉफी प्यायला गेले. संगणकाच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७. कागदावर छापला होता फक्त ०.५०६. फरक इतका क्षुल्लक, की तो कोणी मोजलाही नसता. पण तासाभराने परत येऊन पाहतात, तो नवे हवामान जुन्यापासून पार वेगळे झालेले. गणित तेच, नियम तेच. सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचे सगळे बदलून टाकले होते.

लॉरेन्झ यांनी हे १९६३ मध्ये शोधनिबंधात मांडले. पुढे १९७२ मध्ये त्यांच्या एका व्याख्यानाच्या शीर्षकात असा प्रश्न आला, की ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले तर टेक्सासमध्ये वादळ उठेल काय? तेव्हापासून फुलपाखराचा दृष्टान्त जगभर गेला. ली आणि यॉर्क या दोघा गणितज्ञांनी १९७५ मध्ये आपल्या निबंधात ‘केऑस’ हा शब्द वापरला आणि तो या विषयाचे नावच होऊन बसला.

शास्त्राच्या भाषेत केऑटिक म्हणजे नियम नसलेले नव्हे. नियम आहेत, पक्के आहेत. पण सुरुवातीची स्थिती अगदी केसभर बदलली तरी पुढचा मार्ग पार बदलतो, आणि म्हणून दूरचे भाकीत करता येत नाही. सुरुवातीची स्थिती आपण कधीच पुरेपूर अचूक मोजू शकत नाही. हवामानाच्या बाबतीत रोजच्या रोज काय होईल हे सांगण्याची मर्यादा सुमारे २ आठवड्यांची मानतात. त्यापलीकडे अमुक तारखेला अमुक गावी पाऊस पडेल असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर ते शास्त्र नव्हे.

ढगांतला क्रम

हा अर्थ कळला नाही, तर नुकसान कोणाचे होते? सर्वांत आधी शेतकऱ्याचे. ‘पावसाचा काही भरवसा नाही’ असे म्हणून हात टेकणे सोपे आहे. पण भरवसा कशाचा नाही आणि कशाचा आहे, हे वेगळे करता आले तर हाती काही लागते. बंगळुरूत राहून हे काम ज्यांनी केले, त्यांत एक नाव मराठी आहे : सुलोचना गाडगीळ.

पुण्यात १९४४ मध्ये जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी हार्वर्ड विद्यापीठातून गणिताच्या वाटेने डॉक्टरेट मिळवली. त्या भारतात परतल्या आणि १९७३ पासून भारतीय विज्ञान संस्थेत रमल्या. जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. उपग्रहांनी काढलेली ढगांची चित्रे तेव्हा नवी होती. रोजचे एक चित्र घेतले तर ढगांचे नुसते पुंजके दिसत, त्यात ना आकार ना क्रम. डी. आर. सिक्का यांच्यासह सुलोचनाबाईंनी १९७३ ते १९७७ या ५ वर्षांची, एप्रिल ते ऑक्टोबरमधली रोजची चित्रे एकापुढे एक ठेवून तपासली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने जो क्रम दाखवला तो असा : विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा एक पट्टा तयार होतो, तो उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो, काही आठवडे टिकतो, विरतो, आणि पुन्हा दक्षिणेकडून नवा पट्टा येऊन त्याची जागा घेतो. पावसाची झड आणि मधली उघडीप यांचा संबंध या पट्ट्याच्या ये-जा करण्याशी आहे. एका चित्रात जे केऑटिक होते, त्यात पाच वर्षांच्या चित्रांनी चाल दाखवली.

हे ज्ञान शेताच्या बांधापर्यंत नेण्याचाही प्रयत्न झाला. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूला जाताना गुंतकलनंतर अनंतपूर लागते. हा भाग कोरडा, वर्षाचा पाऊस सरासरी ५५ सेंटिमीटरच्या आसपास. त्याला लागूनच कर्नाटकातला पावगडा तालुका आहे. दोन्हीकडे मुख्य पीक पावसावरच्या भुईमुगाचे. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरून शेंगा भरण्याच्या दिवसांत पावसाने ओढ दिली, की वर्षाची मेहनत वाया जाते. पेरणी कधी करावी हा तिथल्या घराघराचा जीवनमरणाचा प्रश्न असतो. सुलोचनाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन हाच प्रश्न हाती घेतला. अमुक तारखेला पाऊस पडेल का, हे त्यांनी विचारले नाही, कारण त्याचे उत्तर मिळणारच नव्हते. त्यांनी विचारले, की अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी पाहता कोणत्या काळात पेरले तर शेंगा भरताना कोरड पडण्याचा धोका कमी? या प्रश्नाला उत्तर होते.

भारतीय हवामान खात्याचा मान्सूनचा दीर्घ मुदतीचा अंदाजही याच जातीचा आहे. अशा अंदाजांची परंपरा १८८६ पासूनची. जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत देशभर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. यंदा त्याच्या किती टक्के पडेल, हे खाते सांगते. लग्नाच्या दिवशी मांडवावर पाऊस येईल का, हे ते एप्रिलमध्ये सांगू शकत नाही. त्यावरून खात्याला हसण्याचे कारण नाही. एक रोजचे हवामान आहे, दुसरा पूर्ण हंगाम. पहिले केऑटिक आहे. दुसऱ्यावर समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींचा लगाम असतो, आणि त्यामुळे त्याचा थोडाफार अंदाज बांधता येतो.

वापरताना लक्षात ठेवावे

केऑटिक हे विशेषण परिस्थितीला लावावे : दिवस, प्रवास, सभा, परीक्षा केंद्र, रुग्णालयातली अपघाताची रात्र. माणसाला, विशेषतः मुलाला, लावताना जपावे. वह्या विसरणारा, वेळ न पाळणारा मुलगा ‘डिसऑर्गनाइझ्ड’ असतो, आणि ती सवय सुधारता येते. त्याला ‘केऑटिक’ म्हटले की आता याचे काही होणार नाही, असा शेरा मारल्यासारखे होते. कार्यालयीन पत्रातही ‘तुमचा विभाग केऑटिक आहे’ हे वाक्य भांडण ओढवून घेते. नेमके काय बिघडले ते लिहावे.

‘व्हेरी केऑटिक’ चालते, पण बहुतेक वेळा ‘व्हेरी’ची गरज नसते. शब्द आधीच पुरेसा जोरकस आहे. ‘काइंड ऑफ केऑटिक’ हा प्रयोग गप्पांत ठीक, निबंधात नको.

घरच्या घरी सराव

खालील पाच प्रसंगांना अनटायडी, हॅपहॅझर्ड, कंजेस्टेड, अनरूली आणि केऑटिक यांपैकी कोणता शब्द लागेल, ते मुलांबरोबर बसून ठरवावे.

१. गाडी कोणत्या फलाटावर येणार ही घोषणा ऐन वेळी बदलली आणि हजारभर प्रवासी दोन्ही दिशांनी जिन्यावर धावले.
२. दप्तरातली पुस्तके कशीही कोंबलेली आहेत.
३. संध्याकाळी सहा वाजता पुलावर रोजच रांग लागते.
४. कसलाही आराखडा न करता घराला एकेक खोली जोडत नेली.
५. सहलीच्या बसमध्ये मुले सांगूनही जागेवर बसेनात.

उत्तरे : १. केऑटिक, २. अनटायडी, ३. कंजेस्टेड, ४. हॅपहॅझर्ड, ५. अनरूली. पाचव्या प्रश्नाला कोणी ‘केऑटिक’ असे उत्तर दिले, तर त्याला अर्धा गुण द्यायला हरकत नाही. बसमध्ये मुले नेमकी किती होती, त्यावर ते अवलंबून आहे!